विज्ञान-चित्रपाठ

विज्ञान-चित्रपाठ : विज्ञानातील एखादा आविष्कार, प्रयोग किंवा संकल्पना हलती चित्रे व निवेदन यांच्या साहाय्याने थोड्या वेळात समजावून देणारा पाठ. त्याचा अवधी एका मिनिटापासून सु. वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत असतो. चलच्चित्रपटाची फीत, दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, ध्वनिचित्रफीत, तबकडी, संगणक व भ्रमणध्वनी अशी त्याची वाहने काळानुसार बदलत गेली. भौतिकी व ज्योतिषशास्त्र या विषयांत अशा पाठांचा उपयोग विशेष होतो, कारण या विषयांतील अनेक घटना फार जलद, फार मंद, फार मोठ्या किंवा फार दूरच्या असल्यामुळे वर्गात दाखविता येत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या पाठांचा महाराष्ट्रातील, मुख्यतः पुणे जिल्ह्यातील इतिहास दिला असून त्यांची पोच कोठपर्यंत झाली हे पाहण्यासाठी आंबेगाव तालुक्यातील आहुपे या सह्याद्रीच्या कड्यावरील गावाचा संदर्भ घेतला आहे.

आहुपे हे घोड नदीच्या उगमाजवळ वसले आहे. येथून आहुपे घाटाची जुनी पायवाट कोकणात मुरबाडच्या बाजूस उतरते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. भात हे मुख्य पीक, पाऊस मुसळधार. गावची देवराई प्रसिद्ध असून आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळाही येथे आहे. याच घोड नदीच्या खोऱ्यात, शेजारच्या जुन्नर तालुक्यात, भारताच्या अवकाश-संदेशवहनाच्या व ज्योतिषशास्त्राच्या इतिहासातील दोन महत्त्वाची स्थाने आहेत. नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशांशी उपग्रहामार्फत संदेशवहन करणारे देशातील पहिले भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, तर खोडद येथे महाकाय मीटर-तरंगलांबी रेडिओ दूरदर्शक उभा आहे. उपग्रह आणि दूरदर्शक इतके जवळ असूनही डोंगरमाथ्यावरील शाळेतील मुलापर्यंत भौतिकीचा पाठ पोहोचण्यास बराच काळ लागला. हे अंतर कशामुळे पडले व ते कशाने भरून निघते, हाच विज्ञान-चित्रपाठांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

स्वरूप व सामर्थ्य : चलच्चित्रणात काळाचे माप बदलता येते. सेकंदाला चोवीसपेक्षा पुष्कळ अधिक चित्रे घेऊन ती नेहमीच्या वेगाने दाखविली म्हणजे घटना मंदावते. उलट ठराविक कालांतराने एकेक चित्र घेऊन ती सलग दाखविल्यास घटना वेगवान होते. पहिल्या पद्धतीने पाण्याचा थेंब पडताना त्याला येणारा आकार किंवा एकाच वेळी सोडलेले जड व हलके गोळे बरोबरीने पडत असल्याचे दाखविता येते. दुसऱ्या पद्धतीने रात्रभर होणारे ताऱ्यांचे भ्रमण अर्ध्या मिनिटात दिसते. डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय क्षेत्र, अणूंची हालचाल किंवा सूर्यकुलाबाहेरून दिसणारी पृथ्वी यांसाठी काढलेल्या आकृत्यांना गती देतात. पाठ आखूड ठेवण्याचे कारण केवळ खर्चात काटकसर हे नाही. एका पाठात एकच कल्पना मांडली, तर शिक्षकाला तो थांबवून प्रश्न विचारता येतात, पुन्हा दाखविता येतो व मध्येच प्रत्यक्ष प्रयोग घेता येतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेत १९५६ मध्ये मॅसॅचूसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत माध्यमिक शाळांतील भौतिकीच्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना सुरू झाली, तेव्हा पाठ्यपुस्तक व प्रयोगसाहित्य यांच्या जोडीला चित्रपटही तयार करण्यात आले. १९६० नंतरच्या दशकात ८ मिमी. रुंदीच्या फितीवरील, सु. चार मिनिटांच्या ‘एकसंकल्पना’ फिती प्रचारात आल्या. फितीची दोन टोके जोडून ती डबीत बंद केलेली असे. त्यामुळे अंधारी खोली व कुशल चालक यांवाचून शिक्षक ती स्वतः लावू शके. पुढील काळातील लघुपाठांचे हे जवळचे पूर्वरूप होय. चार्ल्स व रे ईम्स यांनी १९७७ मध्ये केलेल्या नऊ मिनिटांच्या पॉवर्स ऑफ टेन या चित्रपटात माणसाच्या हातापासून दीर्घिकांपर्यंतची मापे दहाच्या घातांनी दाखविली आहेत. कार्ल सेगन यांची कॉसमॉस ही तेरा भागांची मालिका १९८० मध्ये दाखविली गेली. तिच्यामुळे ज्योतिषशास्त्राला दूरचित्रवाणीवर मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला.

भारतात फिल्म्स डिव्हिजन या शासकीय संस्थेची स्थापना १९४८ मध्ये झाली. तिचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जात, परंतु चित्रपटगृहेच शहरांत असल्याने त्यांचा लाभ मुख्यतः नागरी प्रेक्षकांना झाला. शाळांसाठी दूरचित्रवाणीचा नियमित उपयोग दिल्लीत १९६१ मध्ये सुरू झाला. तेथील अनेक शाळांत प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या. म्हणून भौतिकी व रसायनशास्त्र या विषयांच्या पाठांना प्रारंभापासून प्राधान्य मिळाले. महाराष्ट्रात मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यास ते कार्यक्रम दिसू लागले. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे डोंगरांच्या आडच्या खोऱ्यांत त्या क्षीण होतात. त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतील गावांना मनोरा जवळ असूनही त्याचा फारसा उपयोग नव्हता.

उपग्रहीय दूरचित्रवाणी प्रयोग : डोंगरांची ही अडचण दूर करण्याचा मार्ग म्हणजे प्रक्षेपणाचा मनोरा आकाशातच उभारणे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतीय अवकाश संशोधन संस्थेने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या भूस्थिर उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रयोग केला. आंध्र प्रदेश, ओरिसा (आताचे ओडिशा), कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत जाळीच्या सु. तीन मी. व्यासाच्या आकाशकासह संच बसविण्यात आले. सकाळी दीड तास शाळांसाठी व सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी कार्यक्रम होत. सकाळच्या वेळेत प्रत्येक भाषेच्या वाट्यास सु. साडेबावीस मिनिटे येत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेले हे कार्यक्रम म्हणजे भारतीय खेड्यांत मोठ्या प्रमाणावर पोहोचलेले पहिले चित्रपाठ म्हणता येतील. त्यांपैकी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्यात मुंबईतील वैज्ञानिकांचा वाटा होता. या कामाला दिशा देणारे भौतिकीविज्ञ यश पाल हे त्या वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते. मुलांनी परिसरातील साध्या वस्तू हाताळाव्यात व स्वतः प्रश्न विचारावेत, ही दृष्टी या कार्यक्रमांच्या मुळाशी होती.

या प्रयोगात महाराष्ट्रातील खेडी नव्हती. तथापि त्यातून मिळालेले धडे येथील पुढील कार्यास उपयोगी पडले. उपग्रहाने डोंगरांचा अडसर दूर केला, तरी गावात वीज असणे, संच दुरुस्त करणारा माणूस वेळेवर येणे, कार्यक्रमाची वेळ शाळेच्या वेळेशी जुळणे आणि भाषा मुलांना आपली वाटणे या गोष्टी उपग्रहाच्या हाती नव्हत्या. शिवाय प्रक्षेपण एकदाच होई. पाठ चुकला तर तो गेला, आणि समजला नाही तर थांबविता येत नसे. वर्ष संपताच उपग्रह अन्यत्र हलविण्यात आला व प्रक्षेपण थांबले.

पुण्यातील निर्मितिकेंद्रे : ‘इन्सॅट-१बी’ हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये सोडण्यात आल्यावर शैक्षणिक कार्यक्रमांना पुन्हा आकाशमार्ग मिळाला. प्रादेशिक भाषांत असे कार्यक्रम तयार करण्यासाठी सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था निघाल्या. त्यांपैकी महाराष्ट्रातील संस्था १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झाली व ‘बालचित्रवाणी’ या नावाने परिचित झाली. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीतून चित्रपाठ तयार करणारी ही राज्यातील प्रमुख संस्था होती. गोष्ट, बाहुल्या, गाणी व घरगुती प्रयोग यांच्या द्वारे पाणी, हवा, प्रकाश, सावली, चंद्राच्या कला यांसारखे विषय मुलांपर्यंत नेता येतात, हे अशा कार्यक्रमांनी दाखवून दिले. त्यांची मराठी भाषा हा त्यांचा मोठा गुण होता. परभाषेतील पाठाला मराठी निवेदन जोडणे आणि मराठी मुलाच्या अनुभवातून पाठ रचणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात सावलीचा पाठ शाळेच्या अंगणातील काठीपासून सुरू होतो.

उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरचित्रवाणीवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला. त्याच्या निर्मितिकेंद्रांत पुणे विद्यापीठातील केंद्र होते. हे कार्यक्रम आरंभी इंग्रजीत असत व त्यांत परदेशी कार्यक्रमांचाही भरणा असे. त्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांना ते दुरून पाहावे लागत. १९९० नंतरच्या दशकात टर्निंग पॉइंट या मालिकेत यश पाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना साध्या भाषेत उत्तरे देत. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे थेट प्रक्षेपण देशभर पाहिले गेले. ग्रहणकाळी घराबाहेर न पडण्याची रूढी सर्वत्र असताना, वैज्ञानिकांचे विवेचन ऐकत ग्रहण पाहण्याचा हा अनुभव लोकशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. याच दशकात जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांची ब्रह्मांड ही मालिका दूरदर्शनवर झाली. त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठीय ज्योतिर्विज्ञान व खगोलभौतिकी केंद्राने (आयुका) संशोधनाच्या जोडीला शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने व प्रात्यक्षिके यांची परंपरा सुरू केली.

टाकाऊ वस्तूंचे विज्ञान : आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका ही पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तेथे २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता यांनी सहकाऱ्यांसह केलेले काम लघुपाठांच्या इतिहासात स्वतंत्र टप्पा ठरते. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून १९७५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या गुप्ता यांचा मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी संबंध आला होता. १९७२ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात खेड्यांतील मुले स्वस्त साहित्यातून स्वतः प्रयोग करीत. काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह-नळी, वर्तमानपत्र, बाटलीचे बूच, जुनी तबकडी व झाडूच्या काड्या यांपासून बनविता येणाऱ्या खेळण्यांच्या शेकडो लघुफिती पुण्यात तयार झाल्या. त्यांपैकी अनेक फिती एक-दोन मिनिटांच्या आहेत. मराठीसह अनेक भाषांत त्यांचे निवेदन करण्यात आले व त्या सर्वांना विनामूल्य उपलब्ध करण्यात आल्या. या कार्याबद्दल गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

या फितींची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. पडद्यावर बहुधा हात व वस्तू दिसतात. कृती क्रमाने दाखविली जाते व शेवटी खेळणे चालते. घुमट्याचे, जेटच्या तत्त्वावर पळणाऱ्या फुग्याचे किंवा तांब्याची तार, चुंबक व विजेचा घट यांपासून केलेल्या साध्या चलित्राचे स्पष्टीकरण थोडक्यात येते. पाठ पाहून संपत नाही. तो पाहून झाल्यावर सुरू होतो. दुर्गम शाळेच्या दृष्टीने यात आणखी एक सोय आहे. लागणारे साहित्य गावातच मिळते आणि फीत एकदा उतरवून घेतल्यावर तिला आंतरजालाची गरज उरत नाही.

आंतरजालाचा काळ : २००५ मध्ये यूट्यूब हे संकेतस्थळ सुरू झाल्यावर चित्रपाठ तयार करणे व प्रसृत करणे ही मोठ्या संस्थांची मक्तेदारी राहिली नाही. अमेरिकेत सलमान खान यांनी २००६ पासून काळ्या फलकावर लिहीत समजावून दिलेले गणित-विज्ञानाचे छोटे पाठ जगभर पाहिले गेले. पाठ हवा तेव्हा पाहता येणे, मध्येच थांबविता येणे व परत मागे जाता येणे या तीन सोयी ‘साइट’च्या काळात नव्हत्या. महाराष्ट्रात २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी ग्रामस्थांच्या वर्गणीतून संगणक, प्रक्षेपक व दूरचित्रवाणी संच घेतले. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीक्षा या व्यवस्थेशी बालभारतीची पाठ्यपुस्तके सांकेतिक चौकटींनी जोडण्यात आली. पाठाजवळ छापलेल्या चौकटीवर भ्रमणध्वनी धरला असता त्या पाठाची चित्रफीत उघडते. मात्र याच वर्षी निधीअभावी बालचित्रवाणी बंद करण्यात आली. मराठी मुलांसाठी कार्यक्रम लिहिणारे, चित्रित करणारे व शाळांत नेऊन तपासणारे एकत्रित मंडळ त्यामुळे नाहीसे झाले. फितींची संख्या वाढत असताना, त्या मुलाच्या भाषेत व अनुभवात बसविण्याचे काम करणारी संस्था मात्र उरली नाही, असा हा विरोधाभास आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व चित्रपाठ हेच अनेक ठिकाणी शिक्षणाचे मुख्य साधन बनले. ज्या घरांत एकच भ्रमणध्वनी होता व तो घेऊन वडील कामावर जात, किंवा जेथे लहरी पकडण्यासाठी टेकडीवर चढावे लागे, तेथील मुले या व्यवस्थेबाहेर राहिली. त्यावर उपाय म्हणून दूरचित्रवाणीकडे पुन्हा वळावे लागले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी टिलीमिली ही मालिका प्रक्षेपित झाली. घर व परिसरातील वस्तूंच्या साहाय्याने, घरातील माणसांबरोबर शिकणे हे तिचे सूत्र होते. अनेक शिक्षकांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलांना लहान गटांत शिकविले. साधन कितीही नवे असले, तरी अखेरचा टप्पा माणसालाच पायी ओलांडावा लागतो, हे या काळात पुन्हा स्पष्ट झाले.

ज्योतिषशास्त्राचे पाठ व त्यांतील अडचणी : चित्रपाठ समज वाढवितो तसा गैरसमजही पक्का करू शकतो. पृथ्वीची जवळजवळ वर्तुळाकार कक्षा तिरकस कोनातून काढल्यामुळे ती लांबट दिसते आणि पृथ्वी सूर्याजवळ आली म्हणजे उन्हाळा होतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. वस्तुतः पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे आपल्याकडील थंडीत. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा दुसरा रूढ गैरसमज. सूर्य व ग्रह एकाच चौकटीत दाखविताना त्यांची अंतरे व आकार यांचे प्रमाण पाळणे शक्य नसते, ही तिसरी अडचण होय. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) प्राथमिक ज्योतिषशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन झाले असून, त्यात हातवारे व शरीराच्या हालचाली यांचा उपयोग प्रत्यक्ष आकाश आणि कागदावरील आकृती यांमधील दुवा म्हणून करण्यात आला. मूल स्वतः पृथ्वी होऊन गोल फिरते, तेव्हा ‘सूर्य उगवतो’ याचा अर्थ त्याला अंगाने कळतो. केवळ पडद्याकडे पाहून हे घडत नाही.

दुसरी अडचण स्थानाची. युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या पाठांत ध्रुवतारा आकाशात उंच असतो व वर्षाचे चार ऋतू असतात. आहुपे सु. १९° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून सु. १९° उंचीवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर दिसतो. याच अक्षांशामुळे तेथे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते : एकदा मेच्या मध्यास व एकदा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. विदेशी पाठात हा अनुभव सापडणार नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेस तो येतच नाही. स्थानिक शाळेला मात्र त्यात वेगळीच अडचण येते. मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि जुलैत आहुप्याचे आकाश ढगांनी व धुक्याने भरलेले असते. अशा वेळी सुटीत घरी गेलेल्या मुलाला काय पाहावयाचे हे आधी सांगणारा आणि जून महिन्यात शाळा उघडल्यावर त्याने पाहिलेल्याचा अर्थ उलगडणारा पाठ खरा उपयोगी ठरतो. मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही, मेच्या मध्यास या भागात ती सु. साडेबारा वाजता होते, हेही त्याच काठीवरून शिकता येते. भारतीय प्रमाणवेळ ८२·५° पूर्व रेखांशाची असल्याचा तो साधा पुरावा आहे.

शेतकरी घरातील मुलाला आकाशाचे काही ज्ञान वारशाने मिळालेले असते. ‘मृग लागला’ म्हणजे पेरणीचे दिवस आले, हे त्याला ठाऊक असते. परंतु जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मृग नक्षत्रात असल्यामुळे ते नक्षत्र तेव्हा दिसत नाही. ते डिसेंबरच्या रात्री पूर्वेस उगवून माथ्याकडे चढते. पंचांगातील मृग व आकाशातील मृग यांची सांगड घालण्यास सूर्याची झळाळी काढून त्यामागील तारे दाखविणारी दोन मिनिटांची फीत फार प्रभावी ठरू शकते. येथे चित्रपाठ परंपरागत ज्ञान बाजूला सारीत नाही. त्यातील कारण दाखवितो.

खोडदचा दूरदर्शक व परिसर : गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने खोडद येथे उभारलेल्या दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी चौदा मध्यवर्ती क्षेत्रात व सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर असून सर्वांत दूरच्या तबकड्यांमधील अंतर सु. २५ किमी. आहे. २००१ मध्ये तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे स्थाननिवडीचे एक मुख्य कारण होते. दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांच्या ज्या लहरींवाचून चित्रपाठ दूरच्या शाळेत जात नाहीत, त्याच लहरी अशा दूरदर्शकाच्या निरीक्षणात व्यत्यय आणतात. ही गोष्टच भौतिकीच्या एका उत्तम पाठाचा विषय होऊ शकते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनास खोडदला प्रदर्शन भरते व परिसरातील शाळांचे विद्यार्थी आपले प्रयोग घेऊन तेथे येतात. पडद्यावर पाहिलेली तबकडी प्रत्यक्ष वळताना पाहणे हा या खोऱ्यातील मुलांना मिळणारा, अन्यत्र दुर्मिळ असलेला अनुभव होय.

मूल्यमापन : गेल्या सहा दशकांत चित्रपाठाचे वाहन अनेकदा बदलले. प्रत्येक वेळी नव्या साधनाने जुनी एक अडचण दूर केली. उपग्रहाने डोंगर ओलांडले, ध्वनिचित्रफितीने वेळेचे बंधन सोडविले, आंतरजालाने निवडीचे स्वातंत्र्य दिले, स्मृतिपत्रिकेत साठविलेल्या फितीने आंतरजालाचीही गरज कमी केली. वीज, भाषा, दुरुस्ती व शिक्षक या चार गोष्टींचे महत्त्व मात्र कायम राहिले. जेथे त्या होत्या तेथे साधा संचही उपयोगी पडला. जेथे नव्हत्या तेथे उत्तम संच कपाटात राहिला. लघुपाठाचा अवधी जितका थोडा तितके शिक्षकाचे काम कमी, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दोन मिनिटांची फीत तासभराच्या पाठात केव्हा लावावी, कोठे थांबवावी व नंतर मुलांच्या हाती काय द्यावे हे ठरविण्यास शिक्षकाला विषयाची अधिक जाण लागते.

आहुप्यासारख्या गावाची बाजू केवळ उणिवेची नाही. हिवाळ्यातील निरभ्र रात्री शहरातील शाळेला न दिसणारे तारे तेथे अंगणातून दिसतात. प्रवाह, उतार, पाऊस, बाष्प, प्रतिध्वनी यांची उदाहरणे दारात आहेत. शहरातील मुलाला पडदा जे आकाश उसने देतो, ते या मुलाच्या डोक्यावर असतेच. त्याला हवे असते ते पाहिलेल्याचे नाव, माप व कारण, आणि तेही त्याच्या भाषेत. चित्रपाठाने ते पुरविले व नंतर पडदा मालवून मुलांना बाहेर अंगणात नेले, म्हणजे त्याचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येते.